ट्रॅफ्टनची एक फेरी

जॉर्ज ट्रॅफ्टन. आज दिवसभर हे नाव डोक्यातून जात नाहीये.

प्रिमो कार्नेरा या इटालियन हेवीवेट बॉक्सरच्या १९३० च्या लढती परत चाळत होतो. यादी तशी पाठच आहे. पीटरसन, पहिली फेरी. रिऊ, पहिली फेरी. ओवेन्स, दुसरी. मार्टिन, दुसरी. इथे नजर आपोआप खाली घसरते, कारण वाचण्यासारखं काही सुरू होतं ते गॉडफ्रीपासून. आज मात्र मार्चअखेरच्या कॅन्सस सिटीपाशी अडकलो. ट्रॅफ्टन म्हणजे शिकागो बेअर्सचा सेंटर. अमेरिकन फुटबॉलमध्ये मोठं नाव, पण बॉक्सिंग हा त्याचा धंदा नव्हे. पहिल्याच फेरीत आडवा झाला. आणि ती फेरी आजही कार्नेराच्या नावापुढे नॉकआउट म्हणून उभी आहे, १९३३ मध्ये शार्कीला हरवून जगज्जेता झाला त्या नॉकआउटच्या शेजारी, त्याच मापाने मोजलेली. ८८ विजयांतला एक.

अशा लढतींबद्दल बोलताना सगळे प्रेक्षकांच्या फसवणुकीबद्दल बोलतात. तिकिटाचे पैसे, सट्टा, त्याच्यामागे असलेली मॅडन आणि डफी या गुंडांची टोळी. ते सगळं खरंच आहे. एप्रिलमध्ये ओकलंडला बाँबो शेव्हालियर चांगला लढत असताना सहाव्या फेरीत त्याच्याच कॉर्नरमधून टॉवेल आत पडला, म्हणजे त्याच्याच माणसांनी हार मानली, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या बॉक्सिंग कमिशनला चौकशी लावावीच लागली. पण मला आज वाईट वाटतंय ते कार्नेरासाठी. ट्रॅफ्टनसमोरची ती फेरी त्याच्या शिकण्याच्या दिवसांतली होती, आणि ती वाया घालवली गेली. तशा किती तरी.

पॅरिसमधली पहिली लढत सप्टेंबर १९२८ मधली. त्याआधी तो जत्रेतला पहिलवान. पोल जुर्ने याने उंची आणि खांदे बघून उचलला, लेओं से या मॅनेजरकडे आणला, आणि काही आठवड्यांत रिंगमध्ये उभा केला. हौशी गटातला अनुभव जवळपास शून्य. वर्षभराने, नोव्हेंबर १९२९ मध्ये, लंडनला समोर स्ट्रिब्लिंग. ज्याच्या शेकडो लढती झालेल्या, तो. चौथ्या फेरीत फाउल, विजय कार्नेराचा. तीन आठवड्यांनी पॅरिसला पुन्हा तीच जोडी, सातव्या फेरीत फाउल, या वेळी विजय स्ट्रिब्लिंगचा. आणि जानेवारी १९३० मध्ये थेट न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन.

जवळजवळ दोन मीटर उंच आणि १२० किलोच्या माणसाला बॉक्सर करायचं तर आधी पाय. सहा-आठ महिने नुसते पाय. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा आधी, टाचा हलक्या, दोन पायांमधलं अंतर कधी मोडायचं नाही. इतक्या वजनाच्या माणसाचा तोल एकदा गेला की परत यायला हलक्या माणसाच्या दुप्पट वेळ लागतो, आणि ठोसा नेमका त्या वेळात बसतो. मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. डावा हात सुटताना डावा खांदा वर येऊन हनुवटी झाकली पाहिजे, आणि हात गेला त्याच उंचीवरून परत आला पाहिजे. उंच माणसाची खोड अशी की परतीला हात वीतभर खाली घसरतो, कारण समोरचा बुटका असतो आणि हात खाली आला तरी बिघडत नाही. दुसरी खोड सरळ मागे झुकायची. पोच मोठी असल्याने समोरच्याचा ठोसा नाकापुढे थांबतो, आणि पोराला वाटतं आपल्याला बचाव येतो. पण मागे झुकलं की हनुवटी वर येते, वजन टाचांवर जातं आणि तिथून परत मारता येत नाही.

या खोडी व्यायामशाळेत सांगून जात नाहीत. हात खाली घसरला आणि त्यावरून समोरच्याचा उजवा आला, की तेव्हा कळतं. म्हणून तर चार फेऱ्यांपासून सुरुवात, मग सहा, आठ, दहा. मधे एक डावखुरा, एक पळणारा, एक सतत क्लिंचमध्ये, म्हणजे मिठीत, येऊन अंगावर रेलणारा, आणि एक वय झालेला पण सगळ्या युक्त्या येणारा. यातला एखादा हरवेलही, तर हरवू द्यावं. दमाचंही तसंच. अवजड माणसाचा दम साधारण चौथ्या फेरीला संपतो आणि मग हळूहळू दुसरा दम लागतो. हात जड झाले, श्वास तोंडाने चालला, तरी गार्ड वर ठेवायचा, हे पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत गेल्याशिवाय शिकायला मिळतच नाही.

जानेवारी ते एप्रिल १९३० मध्ये त्याच्या बहुतेक लढती पहिल्या-दुसऱ्या फेरीत संपल्या. दुसरा दम लागणार कुठून? घसरलेल्या हातावरून उजवा मारणार कोण? ट्रॅफ्टन?

लेओं से याने पुढे स्वतः लिहून कबूल केलं की कित्येक लढती ठरवलेल्या होत्या. म्हणजे पोराला आपण जिंकतोय असं वाटत राहिलं, आणि खोडी होत्या तिथेच राहिल्या. हे मला सहन होत नाही. पैसे घेतले ते एक वेळ समजू शकतो, पण चुका दाखवणारा प्रतिस्पर्धीच त्याच्यापासून लपवून ठेवला.

कार्नेराशी लढताना पडलेल्या एर्नी शाफबद्दल लिहायचं होतं. फेब्रुवारी १९३३, तेरावी फेरी, माणूस पडलेला आणि प्रेक्षक 'नाटक, नाटक' म्हणून ओरडतायत. चार दिवसांनी तो गेला. आधीच्या एका लढतीत मॅक्स बेअरने शाफला किती मारलं होतं तेही... नको. ते आज नको.

जेवणानंतर थोडा वेगळा विचार आला. सोप्या लढती तर पुढे जगज्जेता झालेला जो लुईसही लढला. पदार्पणात क्रॅकन, पहिलीच फेरी. जुलै १९३४ मध्ये व्यावसायिक झालेला लुईस वर्ष पुरं व्हायच्या आत, २५ जून १९३५ ला, यांकी स्टेडियमवर कार्नेरासमोर उभा होता, आणि सहाव्या फेरीत त्याला तीनदा पाडल्यावर रेफरी डोनोव्हनने लढत थांबवली. तेव्हा कार्नेराला रिंगमध्ये सात वर्षं होत आली होती. म्हणजे दोष नुसत्या सोप्या लढतींचा धरता येत नाही. लुईसकडे पन्नासच्या वर हौशी लढती होत्या, त्यातल्या चार हरलेल्या, आणि रोज सकाळी समोर प्रशिक्षक ब्लॅकबर्न होता. सोप्या लढतीतही ब्लॅकबर्न चुका मोजत असणार. कार्नेराच्या कॉर्नरमध्ये गल्ला मोजत होते.

आणि तरीही तो काहीच शिकला नाही असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल. ऑक्टोबर १९३१ मध्ये शार्कीसमोर पंधरा फेऱ्या हरला, पण उभा राहिला. १९३३ मध्ये शार्कीला आडवा करणारा अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, लोकांना संशयास्पद वाटतो, वाटू दे. त्यानंतर जगज्जेतेपद दोनदा राखलं: रोममध्ये उझ्कुदुनसमोर, आणि १ मार्च १९३४ ला मायामीत लॉफ्रनसमोर. कार्नेरा २७० पौंड, लॉफ्रन १८४. वजनातला हा फरक कुणाच्याही डोळ्यात भरेल, आणि पाय तुडवल्याची लॉफ्रनची तक्रारही ऐकली आहे. पण लॉफ्रनसारख्या कसबी माणसाला पंधरा फेऱ्या नुसत्या वजनाने बांधून ठेवता येत नाही. त्यासाठी जॅब लागतो. सहा वर्षं उशिरा का होईना, डावा हात तयार झाला होता. परतीला मात्र अजून घसरत होता. साडेतीन महिन्यांनी बेअरने त्यावरूनच उजवे मारले, दहा-अकरा वेळा पाडला, काही वेळा दोघंही एकमेकांत अडकून पडले. तो दर वेळी उठला. अकराव्या फेरीत थांबवलं तेव्हाही पायांवरच होता. उठून उभं राहणं ही एक गोष्ट त्याला कुणी शिकवावी लागली नाही, आणि ती कुणी त्याच्यासाठी ठरवूनही देऊ शकत नव्हतं.

मग १९३६ मध्ये हेन्सकडून दोनदा मार, दुसऱ्यांदा तर पाय निकामी होऊन थेट इस्पितळ. पुढे एक मूत्रपिंड काढावं लागलं. हे वाचताना दर वेळी वही मिटून टाकावीशी वाटते.

आज मिटली नाही. पुढचं पान वाचलं. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीत उतरला. तिथे निकाल ठरवलेला असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, समोरच्यालाही ठाऊक होतं, आणि हनुवटीवर खरा ठोसा येणार नव्हता. बॉक्सिंगपेक्षा जास्त वर्षं त्याने तिथे काढली. लोक आवडीने बघायला येत. १९५३ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, ग्लेनडेलला दारूचं दुकान काढलं. या वेळी पैसे त्याच्या हातात राहिले, याचं मला मनापासून बरं वाटतं.