१८ चौकोन, ८ त्रिकोण

घटस्थापना

पाऊस ओसरला, आता दिवाळीच्या कंदिलांसाठी कागद हातात घ्यायला हरकत नाही. श्रावण-भाद्रपदात कार्डशीट इतकी ओल धरते की कागद कापायच्या मशीनचं पातं कितीही नवं असलं तरी कापलेली कड केसाळ निघते आणि नक्षीचे बारीक कोपरे सुटे न होता फाटून येतात. म्हणून गणपतीच्या मखराची कामं मी मनापासून करत नाही. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून सोसायटीत सगळ्यांना कागद-पुठ्ठ्याची सजावट हवी असते. ते चांगलंच आहे. पण गणपती मार्गशीर्षात असते तर किती बरं झालं असतं!

दुपारी अप्पा बळवंत चौक, मग बोहरी आळी. पांढरा नि मोतिया २५० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम भरणारा जाड कागद), थोडा पतंगी कागद, बटर पेपरचा रोल. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारलं, "पत्रिका कुणाच्या घरची?" घेण्याआधी मी प्रत्येक गठ्ठ्यातला एक कागद आडवा-उभा हलकेच वाकवून बघते, त्यावर त्याने आज तोंडच वाकडं केलं. करू दे. कागदातले तंतू एका दिशेने पडलेले असतात. त्यांच्या बरोबरीने घडी घातली तर ती सुरीसारखी बसते, त्यांना छेदून घातली तर पाठीवर भेगा पडतात. गडद रंगाच्या शीटवर आतलं पांढरं दिसायला लागलं की कार्ड वाया गेलं.

अण्णांना हे सांगितलं तर ते हसायलाच लागले. त्यांचं सगळं आयुष्य भोसरीत पत्र्याच्या कामात गेलं. म्हणाले, "अगं, पत्र्याचं नेमकं उलटं. रोलिंगच्या दिशेला आडवं वाकवलं तर पत्रा टिकतो, तिच्या बरोबरीने वाकवलास की तडकतो." सासऱ्यांशी बोलायला माझ्याकडे कधीच फारसे विषय नव्हते. हे मशीन घरात आल्यापासून मात्र ते चहा घेऊन थेट माझ्या टेबलापाशी येतात.

पाचवी माळ

कंदिलाची आखणी झाली. आकार आपला नेहमीचाच: मधे आठ चौकोनांचा पट्टा, त्याच्या वर एक चौकोन, एक त्रिकोण, एक चौकोन असं कडं, खालीही तसंच, आणि माथ्याला नि तळाला एकेक चौकोन. एकूण १८ चौकोन, ८ त्रिकोण, २६ पैलू. लुका पाचोली या गणितज्ञाच्या १५०९ मध्ये छापलेल्या पुस्तकासाठी लिओनार्दो दा विंचीने ही आकृती पोकळ सांगाड्याच्या रूपात काढली होती. ते चित्र बघताना कुणाही मराठी माणसाचा हात खाली झिरमिळ्या शोधेल. अण्णांनी कामट्या बांधून हे कंदील कितीतरी वर्षं केले, पण आकृतीला काही नाव असतं ही गोष्ट त्यांना आजच कळली, आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही.

खरी झटापट ए४ कागदाशी होती. मशीन १२ इंच रुंदीचं आहे, कागद चिकटवून आत सरकवायची चटईही तेवढीच, पण त्या मापाची शीट इथे महाग पडते आणि हव्या त्या रंगात मिळत नाही. त्यामुळे सगळं २१ गुणिले २९.७ मध्ये बसवायचं. अर्धा कंदील म्हणजे चार चौकोन एका रांगेत आणि त्यांच्या वर-खाली कडी. ७ सेंटिमीटरची बाजू घेतली तर लांबी भागते: २८ आणि एका सेंटिमीटरची चिकटपट्टी. पण उंची होते सात त्रिक एकवीस! कागदाची रुंदी संपली, डिंकाच्या पट्टीला जागा कुठून आणणार? ६.५ घेतलं तर १९.५ होते आणि दोन्हीकडे थोडी पट्टी मावते. कंदिलाची जाडी मग सुमारे १५.७ सेंटिमीटर येते. दिवाळीत कुणाला भेट द्यायला छान. आमच्या गॅलरीचा मोठा करायचा असेल तर १२ सेंटिमीटरचे सुटे पैलू कापायचे आणि एकमेकांना जोडत जायचं. तो २९ सेंटिमीटरचा होतो आणि नुसत्या चौकोनांनाच नऊ कागद खातो.

आखते मी इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याची डीएक्सएफ प्रकारची फाइल करून मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मशीन सिल्हूट कॅमिओ आहे, त्याच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीला डीएक्सएफ चालतं, तेवढ्याने माझं काम होतं. कापायच्या रेघा लाल, घडीच्या निळ्या. या रंगांवरून मशीनला पात्याची खोली आणि जोर वेगवेगळा सांगता येतो.

अण्णा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "डेव्हलपमेंट आहे ही. पण तू जाडी धरली नाहीस." डेव्हलपमेंट म्हणजे घन उलगडून सपाट मांडलेली आखणी. जाडी धरली नव्हतीच, कागदाला कुठली जाडी? त्यांनी कपाटातून आपला मायक्रोमीटर काढून माप घेतलं. ०.३ मिलिमीटरच्या आसपास. "एवढं प्रत्येक घडीत खातं. आठ घड्या झाल्या की शेवटचं तोंड मिळत नाही, मग तुम्ही लोक ओढून चिकटवता आणि नग तिरका होतो." चिकटपट्ट्या अर्धा मिलिमीटर आत घ्यायच्या आणि त्यांची टोकं ४५ अंशात तासायची. आत दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या नाहीत की कोपरा फुगत नाही. आम्ही लोक! इंटरनेटवरचे सगळे शिकवणारे यात आले.

कोजागिरी

दूध आटेपर्यंत कार्डाचं काम. भाचरांना यंदा उघडलं की किल्ला उभा राहील असं कार्ड द्यायचंय. ती परदेशात आहेत, माती नाही, मावळे नाहीत, अंगणही नाही. एकाच कागदातून कापून-दुमडून इमारत उभी करण्याची ही रीत जपानी वास्तुरचनाकार मासाहिरो चातानी यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. डिंक नाही, वेगळा तुकडा नाही. कार्ड काटकोनात उघडायचं, मागचा भाग भिंत होतो आणि खालचा जमीन.

यात किल्ल्याइतकं सोयीचं काही नाही, कारण पायऱ्या हाच या प्रकारातला सगळ्यात सोपा आकार आहे. प्रत्येक पातळी एकतर भिंतीला समांतर हवी, नाहीतर जमिनीला. महादरवाजा ६ सेंटिमीटर उंच आणि ४ पुढे आलेला हवा असेल तर वरची घडी मधल्या घडीपासून ६ वर, खालची घडी ४ खाली, आणि छताची पुढची कड ६ उणे ४ म्हणजे २ वर. एवढं कळलं की बाकी सगळी बेरीज-वजाबाकी. मिटल्यावर हाच दरवाजा मधल्या घडीपासून १० पर्यंत जातो. अर्धं कार्ड १४.८५ चं आहे, म्हणून चिंता नाही. १० उंच, ५ पुढे असा बुरूज मात्र करता येत नाही. तो दीड मिलिमीटर बाहेर डोकावतो, आणि लिफाफ्यात पहिल्यांदा तोच चुरगळतो.

कार्डात घडीची रेघ तुटक कापली तरी चालते. उलट बरंच, हाताला वाट सापडते. चटईवरून काढताना कागद ओढायचा नाही. चटई उलटी धरून वाकवायची आणि तिलाच कागदापासून सोलायचं. म्हणजे कागद सपाट राहतो. नव्या चटईचा चिकटपणा इतका दांडगा असतो की आधी तिच्यावर सुती कापड दोन-चारदा दाबून तो मारावा लागतो, नाहीतर बुरुजाचे कंगोरे चटईवरच राहतात.

दूध उतू गेलं. आईंनी आवाज दिला होता म्हणे.

वसुबारस

आज सगळे कंदील जोडले. मशीन दहा मिनिटांत कापून मोकळं होतं. त्यानंतरची दुपार, संध्याकाळ, रात्र आपली.

घडीच्या रेघा कंदिलात तुटक कापल्या तर दिवा लावल्यावर प्रत्येक कडेवर उजेडाचे ठिपके उमटतात. आईंना ते आवडले, "तोरण लावल्यासारखं दिसतंय" म्हणाल्या. मला अजिबात नाही. कंदिलाचा उजेड जाळीतूनच बाहेर यावा, शिवणीतून नको. त्यामुळे घड्या कापायच्याच नाहीत, नुसत्या दाबायच्या. पात्याच्या जागी बसणारं दाबायचं टोक मिळतं. मी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलने रेघ ओढते. रेघ ओढताना कागद खाली किती दबतो हे बोटाला कळतं, मग घडी कशी बसणार तेही.

जाळीबद्दल एक गोष्ट. मधे फूल आणि भोवती पूर्ण गोल कापला की फूल गळून पडणारच, त्याला धरायला काहीच नसतं. कुठेतरी दांड्या ठेवाव्या लागतात आणि त्या दांड्याच नक्षीत अशा मिसळायच्या की कुणाला कळू नये. मथुरेच्या सांझीचे कारागीर कात्रीने हे करतात, आणि त्यांच्या जाळ्या बघितल्या की आपल्या मशीनबद्दलचा अभिमान झटकन उतरतो. २ मिलिमीटरपेक्षा बारीक दांडी मी ठेवत नाही. कागद दमतो. जाळीमागे बटर पेपर, आतल्या त्रिकोणांना पतंगी कागद. जिलेटिन पेपर पूर्वी लावायचे, पण त्यातून आतला दिवा आणि वायर उघडी दिसते.

चिकटवण्याचा क्रम हे खरं काम. आधी मधला पट्टा गोल करून मिटवायचा, मग वरचं कडं, त्रिकोणापासून त्रिकोणापर्यंत, समोरासमोरच्या बाजूंनी. फिरत फिरत गेलं की सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते. माथ्याचा चौकोन तेवढा बसवायचा. तळ उघडा. तिथून बोटं आत जातात आणि प्रत्येक पट्टी आतून दाबता येते. सगळं बंद केलेल्या घनाला आतून कोण धरणार? शिवाय दिवा बदलायचा असतो. पांढरा डिंक अगदी बोटाच्या टोकाएवढा, तोही पसरून, नाहीतर कागद ओलावून वळतो. आईंचा खळीचा आग्रह मी हसून टाळला. गेल्या वर्षी खळीच्या कंदिलाला झुरळांनी दिवाळी फराळ समजून साफ केलं होतं. दिवा ३ वॅटचा एलईडी. जुने ४० वॅटचे बल्ब कागदाला तापवून पिवळा करायचे. आता काळजी फक्त वाऱ्याची.

अण्णांनी मोठ्या कंदिलाच्या कडा डोळ्यांच्या रेषेत धरून बघितल्या, गोल फिरवला, आणि झिरमिळ्या कापायला बसले. त्यांच्या तोंडून एवढंच: "तोंड मिळालं."

तुळशीचं लग्न

बँकेतली वसईची मैत्रीण घरी आली होती. गॅलरीतला कंदील अजून उतरवला नव्हता. तो बघून म्हणाली, "आमच्या नाताळच्या ताऱ्याचं पोट काढून ठेवल्यासारखा दिसतोय." तिला थट्टा करायची होती, पण ते अगदी खरं निघालं. जर्मनीतल्या मोराव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात भूमितीच्या अभ्यासातून नाताळचा एक कागदी तारा तयार झाला. हेर्नहुट गावात तो आजही बनतो आणि गावाच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या आत हाच २६ पैलूंचा घन आहे. प्रत्येक चौकोनावर चौबाजू सुळका, प्रत्येक त्रिकोणावर तिबाजू. टांगण्यासाठी एक चौकोन रिकामा, म्हणून १७ आणि ८, मिळून २५ टोकं. माझी आखणी तयारच आहे! तिला म्हटलं, यंदा तुझ्या नाताळच्या गोठ्यावर माझा तारा.

मार्गशीर्षातला गुरुवार

उपवास, त्यामुळे संध्याकाळपर्यंत निवांत. सुळक्याचा नमुना कापला. एका टोकाला चार अरुंद त्रिकोण शेजारी-शेजारी, टोकं एकत्र, पसरलेल्या पंख्यासारखे. बाजू १८, तळ ६.५. ए४ वर एक सुळका जेमतेम मावतो, म्हणजे एका ताऱ्याला २५ कागद. तयार तारा टोकापासून टोकापर्यंत अर्ध्या मीटरचा होईल. अण्णा लगेच म्हणाले, "चौकोनी नरसाळं." भोसरीत त्यांनी अशी शेकडो केली असणार.

कागद मात्र बदलावा लागला. ताऱ्याला जाळी नाही, सगळा उजेड कागदातूनच यायचा. २५० जीएसएमचे सुळके आतून लावलेल्या दिव्याला दादच देत नाहीत. १२० चा पांढरा आणला. त्यातून उजेड सुरेख येतो, पण टोक नाजूक होतं, चिमटीत धरलं की दबतं. टोकाची चिकटपट्टी अगदी अणीपर्यंत न नेता थोडी अलीकडे थांबवली तेव्हा ते सरळ यायला लागलं.

आता प्रश्न जोडण्याचा. कंदिलाला तळ उघडा ठेवता येतो, ताऱ्याला खालच्या बाजूलाही टोक हवं. हात घालायला एकच चौकोन, तोही ६.५ सेंटिमीटरचा, आणि माझा पंजा त्यातून मनगटापर्यंत जात नाही. अण्णांचं म्हणणं, तारा दोन अर्ध्यांत करायचा आणि मधल्या पट्ट्या आत न घेता बाहेरच्या बाजूला सोडून क्लिपने आवळायच्या. नाताळ झाला की सोडून, घडी करून ठेवता येईल. पट्ट्या बाहेरून दिसतील, मला ते खटकतंय. मैत्रिणीला फोनवर विचारलं तर म्हणाली, "दिसू दे गं, दर वर्षी नवा कोण चिकटवत बसणार?"

उद्या मधल्या पट्ट्या १ सेंटिमीटरवरून दीडवर नेऊन बघते. क्लिपला पकड मिळायला तेवढी लागेल.