खोटी सावली

लाल झगा नुसत्या लाल रंगाने रंगवला, तर तो लाल झगा दिसत नाही, लाल प्लास्टिक दिसतं. युद्धखेळातल्या इंचभर उंचीच्या मूर्ती रंगवायला बसणाऱ्या प्रत्येकाला पहिला धक्का हाच बसतो. वास्तविक मूर्तीवर चुण्या कोरलेल्या असतात, खळगे असतात, उंचवटे असतात, शेजारी दिवा लागलेला असतो. उजेड आणि सावली आपोआप पडायला हवी. पडतेही, पण डोळ्याला ती पुरत नाही.

याचं कारण असं की मूर्ती लहान झाली, उजेड लहान झाला नाही. साडेपाच फुटी माणूस २८ मिलिमीटरमध्ये बसवायचा, तर त्याला साठपट आकसावं लागतं. दिवा मात्र होता तेवढाच राहतो. मूर्तीच्या मापाने बघायचं, तर टेबलावरची फूटभर लांबीची ट्यूब म्हणजे साठ फुटांचा झगमगाट. एवढ्या पसरट उजेडात चुणीच्या तळाशी अंधार उरणार कुठून? त्यातून आपण बघणार दोन फुटांवरून, म्हणजे तिच्या हिशेबाने एकशेवीस फुटांवरून. तेव्हा सावली पडायची वाट बघण्यात अर्थ नसतो, ती रंगवावी लागते. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही म्हातारा म्हातारा वाटावा म्हणून रंगभूषाकार नटाच्या गालांवर काळपट रेघा ओढतो आणि विंगेत जवळून बघितलं तर त्या भयंकर दिसतात, त्यातलाच हा प्रकार. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो. इथे जगाने फसावं म्हणूनच सगळी खटपट चाललेली असते.

झग्याचंच घेऊ. आधी प्रायमर, म्हणजे अस्तराचा हात, कारण अ‍ॅक्रिलिक रंग उघड्या प्लास्टिकला किंवा धातूला नीट धरून राहत नाही. पुष्कळ जण काळा प्रायमर सगळीकडून मारतात आणि तो वाळला की बरोबर डोक्यावरून पांढरा फवारा सोडतात. जिथे वरून ऊन पडलं असतं तिथे पांढरं, बगलेत, हनुवटीखाली, ढालीमागे काळं. रंगाचा एक थेंबही न लावता सूर्य कुठे आहे ते ठरून जातं. याला झेनिथल म्हणतात. मग सबंध झग्याला गडद मरून रंगाचे पातळ हात. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे, हे या छंदातलं पहिलं सुभाषित आणि ते खरं आहे. जाड रंग कोरीव कामच बुजवून टाकतो. ज्या शिल्पकाराने मेहनतीने झग्याची शिवण कोरली, त्याने ती आपल्या रंगाखाली गाडली जावी म्हणून नव्हे.

त्यावर वॉश. वॉश म्हणजे गडद, पाण्यासारखा पातळ रंग, आणि हे प्रकरण नुसतं बघत बसावं असं आहे. ब्रश टेकवला की तो उंचवट्यांवरून आपणहून उतरतो, चुण्यांत जाऊन बसतो, वाळताना रंगाचे कण तिथेच मागे ठेवतो. इतका वेळ सपाट वाटणारा झगा दहा मिनिटांत अंग धरतो. हौशी मंडळी वॉशला ‘बाटलीतली प्रतिभा’ म्हणतात ते उगाच नाही. अर्थात ही प्रतिभा लहरी आहे. सपाट जागी ती थबकली की मध्ये फिकट आणि कडेने गडद असं कडं धरून वाळते. ते धरायच्या आत ओलसर ब्रशने टिपून घ्यायचं, एवढं अवधान राखलं की झालं.

पण सावली हे अर्धंच काम. उजेडाकडे वळलं की रंगांचे स्वभाव कळायला लागतात, आणि मला विचाराल तर या छंदातली सगळ्यात मजेची जागा हीच. लाल उजळवायला पांढरा मिसळावा, तर तो गुलाबी होतो आणि सेनापती लग्नाला निघाल्यासारखा दिसतो. लाल उजळतो नारिंगीने. त्याच्या सावलीत काळा घातला तर तो मळतो, चिमूटभर गडद हिरवा घातला तर खोल होतो. पिवळ्यात काळा घातला तर तो चक्क शेवाळी हिरवट होतो, म्हणून त्याची सावली तपकिरीतून काढायची. आणि काळा? काळा उजळवताना आधी ठरवावं लागतं की हा काळा कशाचा आहे. कापडाचा असेल तर निळसर राखाडीकडे न्यायचा, चामड्याचा असेल तर तपकिरीकडे. बाटली एकच, पण एकाचा अंगरखा होतो आणि दुसऱ्याचे बूट. हे एकदा डोक्यात शिरलं की माणूस कामातून जातो. समोरचा माणूस काहीतरी महत्त्वाचं सांगत असतो आणि आपण त्याच्या नाकाच्या शेंड्यावरचा उजेड गार आहे की ऊबदार याचा हिशेब करत असतो.

ब्रशबद्दल एक गैरसमज मात्र पक्का रुजलेला आहे. काम बारीक म्हणजे ब्रशही बारीक हवा, असं सगळ्यांना वाटतं, आणि दुकानंही चार केसांचे ब्रश आनंदाने विकतात. त्या चार केसांत रंग मावतो किती? मूर्तीपर्यंत पोचेपोचेस्तोवर तो वाळलेला असतो. हवा तो पोट असलेला आणि टोक धरणारा ब्रश. पोटात रंगाचा साठा, टोकावर सुईची अणी. कोलिन्स्कीच्या ब्रशचं नाव निघतं ते यासाठीच. सायबेरियातल्या एका वीझल जातीच्या प्राण्याच्या शेपटीचे ते केस. विन्सर अँड न्यूटनने १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी जलरंगाचे असे ब्रश बनवले. तिला सात नंबर आवडायचा, म्हणून त्या मालिकेचं नावच सिरीज सेव्हन पडलं. राणीने त्या ब्रशने काय काय रंगवलं असेल ते असो. आज त्याच मालिकेतल्या ब्रशने लोक ऑर्क नावाच्या खेळातल्या राक्षसाच्या नाकावरचे चामखीळ रंगवतात. ब्रश ओठांत धरून टोक काढायची सवयही जुनीच. पूर्वी या मूर्ती कथील आणि शिशाच्या मिश्रणात ओतायचे, म्हणून ती तेव्हा जास्तच वाईट होती. १९९०च्या दशकात शिसं मागे पडलं आणि आता बहुतेक मूर्ती प्लास्टिकच्या किंवा रेझिनच्या असतात, पण रंगांतही पोटात जाऊ नयेत अशा गोष्टी असतातच. सांगून कोणी ऐकत नाही.

रंगाने उंचवटे उभे करायची ही लबाडी काही आजची नव्हे. अठराव्या शतकात जर्मनीत, न्यूरेंबर्गला, कथलाचे चपटे सैनिक ओतले जायचे. जाडी जेमतेम मिलिमीटरभर. बाजूने धरलं तर नुसती रेघ. पण चांगल्या रंगाऱ्याच्या हातून गेलेला असा घोडेस्वार समोरून बघितला, तर घोड्याच्या मांडीचा गोलवा हाताला लागेल असं वाटतं. तिथे चुणी नावापुरती, खळगा नावापुरता, जवळजवळ सगळी भिस्त रंगावर. आजच्या मूर्ती चहूबाजूंनी कोरीव असतात, त्या मानाने आपलं काम सोपं आहे.

सैनिकांशी खेळायचं वेड पुढे मोठ्यांनाही लागलं. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १९१३ साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियमच पुस्तकरूपाने काढले. नंतर खरेखुरे सैनिक कमी पडले म्हणून की काय, त्यांच्या जागी सांगाडे, बुटके आणि चेटकिणी आल्या. ‘वॉरहॅमर’ हा असाच युद्धखेळ, १९८३चा. त्याच्या कंपनीने १९८७ साली नुसत्या रंगकामाची स्पर्धा सुरू केली, ‘गोल्डन डीमन’ नावाची. तिथे तुमचा योद्धा लढाईत टिकेल का, हे कोणी विचारत नाही. मला हे फार न्याय्य वाटतं, कारण रंगवणाऱ्यांतले कितीतरी जण फासा हातात धरतच नाहीत. फौज तयार असते, युद्धाला कोणी जात नाही. जगातल्या इतर फौजांनीही हा कित्ता गिरवायला हरकत नव्हती.

आता डोळे. यावाचून सुटका नाही. मूर्तीच्या डोळ्याची रुंदी मिलिमीटरलाही कमी पडते आणि त्यात पांढरं, बुबुळ आणि भोवतीची काळी कड एवढं सगळं बसवायचं. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची, दोन्ही मनगटं एकमेकांना भिडवायची, म्हणजे हात कापले तरी बरोबरीने कापतात. श्वास सोडायचा आणि पुढचा घ्यायच्या आधी ब्रश टेकवायचा. ठिपका मात्र काढायचा नाही. पांढऱ्याच्या मधोमध काळा ठिपका काढला की भुवई चढलेला, दात-ओठ खाणारा सरदार एकदम भूत बघितल्यासारखा डोळे विस्फारतो. त्यापेक्षा वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढावी, बुबुळ दोन्हीकडून झाकलं गेलं की नजर शांत होते. आणि दोन्ही रेघा जराशा एकाच बाजूला सरकवल्या तर तो कशाकडे तरी बघायला लागतो. कशाकडे, ते त्याचं त्याला माहीत. अनुभवी रंगारी डोळे आधी करतात आणि कातडीच्या रंगाने बाहेर आलेलं मागून पुसतात, म्हणजे रेघ मोठी आली तरी पापणी तिला आवरते. आणि चार मूर्ती सोडून पाचवीला शिरस्त्राण चढवणाऱ्या शिल्पकारांना, खरं सांगतो, मनापासून दुवा द्यावासा वाटतो.

लबाडीची परमावधी धातूत आहे. सोनं रंगवायला सोनेरी रंग मिळतो, त्यात चमचमणारे कण असतात, लावला की झालं. पण काही लोक तो हातातही धरत नाहीत. ते तपकिरी, गेरू, पिवळा आणि पांढरा एवढ्याच साध्या रंगांनी सोनं रंगवतात. गडद तपकिरीला खेटून जवळजवळ पांढरा पट्टा, पुन्हा गडद, पुन्हा झळाळी. कारण चकचकीत धातूला स्वतःचा असा रंग फारसा नसतोच, आजूबाजूचं आभाळ आणि जमीन त्यात उलटसुलट दिसत असते. ती दोन्ही कुंचल्याने काढली की बघणारा शपथेवर सांगेल, बावनकशी आहे. फोटोत तर हे जादूच वाटतं. पण मूर्ती हातात घेऊन फिरवली की सोंग उघडं पडतं. तलवार फिरते, तिच्यावरची झळाळी जागची हलत नाही. म्हणून माझं मत जुन्या वळणाचं आहे. चौकटीत उभी राहणारी मूर्ती असेल तर हे सोनं जरूर करावं, हातात घेऊन खेळायची असेल तर चमचमणाऱ्या रंगावर नुसता वॉश पुरे. या मतावर भांडायला तयार असणारे लोक खूप आहेत आणि त्यांचं काम माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे गैरसोयीचं आहे.

एका वीराचं हे सगळं ठीक. सांगाड्यांची पलटण समोर आली की तत्त्वज्ञान बदलतं. तिथे ‘दुरून डोंगर साजरे’ हाच नियम. अख्ख्या पलटणीला हाडाचा रंग, वरून तपकिरी वॉश, मग ब्रशवरचा रंग कागदाला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि हाडांवरून झरझर फिरवायचा. उरलासुरला रंग फक्त कडांवर बसतो आणि बरगडी न् बरगडी मोजता येते. खेळताना फूट-दोन फुटांवरून बघणाऱ्याला यापेक्षा जास्त काही दिसत नाही. तरी मागच्या रांगेतल्या एखाद्याच्या पट्ट्याचं बक्कल मन लावून रंगवलं जातंच. ते कोणाच्या नजरेस पडणार नसतं, तो सांगाडा पहिल्याच हल्ल्यात मोडणार असतो, आणि न रंगवलेल्या करड्या प्लास्टिकचा ढीग कपाटात तसाच वाट बघत असतो. व्यवहाराने बघितलं तर हा निव्वळ वेळेचा अपव्यय. हौसेला मोल नाही म्हणून सोडून द्यायचं.

शेवटी वॉर्निश, आणि ते मॅटच, म्हणजे न चकाकणारं. हाताळून रंग उडू नये म्हणून ते लागतं, हे खरं, पण मॅट कशासाठी ते या सगळ्या खोट्या उजेडामुळे कळतं. मूर्ती चकाकली की खोलीतला दिवा तिच्यावर आपल्या मनाला येईल तिथे ठिपका मारतो, बरेचदा आपण मेहनतीने काढलेल्या सावलीच्या ऐन मध्यावर. दोन सूर्य झाले की एकाचंही कोणी ऐकत नाही. म्हणून खऱ्या चकाकीला सगळीकडून हाकलायचं आणि जे खरोखर ओलं आहे तेवढ्यापुरतंच परत बोलवायचं. दलदलीतल्या पाण्यावर, फोडलेल्या डोक्याच्या जखमेवर, नाहीतर ड्रॅगनच्या जिभेवर. ड्रॅगनच्या दातांना लावायचं की नाही, यावर अजून वाद आहे. माझ्या मते लावावं, पण फक्त हिरड्यांपाशी.