आमची वाटचाल : बॅटरी बदलण्याआधी गाडी तपासायची

अकोल्यात आमचं दुकान सुरू झालं तेव्हा ते बॅटरी विकण्याचं नव्हतं, चार्जिंगचं होतं. ॲम्बॅसडर, पद्मिनी, जीप आणि ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या संध्याकाळी यायच्या, रात्रभर टेबलावर ओळीने चार्जिंगला लागायच्या आणि सकाळी परत जायच्या. त्यांची खोकी कडक काळ्या रबराची, वर डांबराचं सील, आणि एका सेलवरून (बॅटरीतल्या एका कप्प्यावरून) दुसऱ्या सेलकडे जाणाऱ्या शिशाच्या पट्ट्या उघड्या. सेल गेला की डांबर तापवून काढायचं, पट्टी कापायची, तेवढाच प्लेटांचा गठ्ठा बदलायचा आणि शिसं वितळवून पुन्हा जोड द्यायचा.

त्या उघडलेल्या सेलमध्ये बॅटरी का गेली ते सरळ दिसायचं. पॉझिटिव्ह प्लेटची जाळी बोटांत चुरडली की समजायचं, उष्णतेने किंवा जादा चार्जिंगने खाल्ली. प्लेटांवर पांढरट, रवाळ, नखाने न निघणारा थर असला की बॅटरी बरेच दिवस अर्धवट चार्ज राहिली होती. तळाशी चॉकलेटी गाळ साचून प्लेटांना टेकलेला असला की बॅटरी ट्रेमध्ये सैल होती, हादऱ्यांनी प्लेटांवरचा मसाला झडला. पुढे प्लास्टिकच्या बंद खोक्याची बॅटरी आली. सेल आतल्या आत जोडलेले, झाकण उष्णतेने कायमचं चिकटवलेलं. दुरुस्ती संपली, पण बॅटरी मरण्याची कारणं तीच राहिली. आता ती बाहेरून, मीटरने ओळखावी लागतात. आमच्या दुकानाचा पुढचा सगळा प्रवास हे ओळखणं शिकण्याचा आहे.

पहिलं कारण आमच्या गावाचं हवामान. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि गाडी उन्हात उभी केली की बॉनेटखाली त्याहून बराच वर. शिसं-ॲसिड बॅटरीचं तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं, कारण जाळी गंजण्याचा आणि पाणी उडण्याचा वेग दुपटीच्या आसपास जातो. म्हणून इथे ३ ते ४ वर्षं चाललेल्या बॅटरीला आम्ही चांगली चालली म्हणतो. गंमत अशी की उन्हाळ्यात झालेलं नुकसान दिसतं ते डिसेंबरात. पहाटे १० अंशांवर इंजिनचं ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रियाही मंदावते, आणि मे महिन्यात जाळी खाल्ली गेलेली बॅटरी तेव्हा सेल्फ घेत नाही. ग्राहक थंडीला दोष देतो. खरं नुकसान सहा महिने आधी झालेलं असतं.

याच कारणाने आम्ही एका साध्या वस्तूबद्दल फार आग्रही आहोत. अनेक गाड्यांत बॅटरीभोवती फेल्टचं किंवा प्लास्टिकचं आवरण येतं. घाईत बॅटरी बदलणारा मेकॅनिक ते काढून ठेवतो आणि परत बसवत नाही. ते शोभेसाठी नाही, इंजिनची धग अडवायला आहे. आमच्याकडे गाडी आली आणि आवरण नसलं तर आधी डिकीत बघायला सांगतो. बरेचदा तिथेच सापडतं.

दुसरं कारण पाणी. आमच्या भागातला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. बोअरचं पाणी बॅटरीत घातलं तर त्यातला क्लोराइड शिशाची जाळी खातो आणि लोहाचा अंश बॅटरीला आतल्या आत उतरवतो. आरओचं पाणी आणि एसीतून गळणारं पाणी लोक शुद्ध समजून घालतात. आरओत क्षार उरलेले असतात, एसीचं पाणी कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, आणि ॲसिड तर कधीच नाही, कारण उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. झाकणांची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला एकदा पातळी बघावी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच पाणी आधी घालायचं, चार्जिंग करायचं, आणि मग वरच्या रेषेपर्यंत भरायचं. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून ॲसिड बाहेर येतं आणि ट्रे गंजतो.

हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, आम्ही अजून वापरतो. आपल्या उष्ण प्रदेशासाठी भरलेल्या बॅटरीत पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत ॲसिडची घनता) २७ अंशांना १.२४०च्या आसपास असते. थंड देशांतले १.२६५ किंवा १.२८०चे आकडे पाहून इथे ॲसिड वाढवायला जाऊ नये, त्याने जाळी लवकर खाल्ली जाते. २७च्या वर प्रत्येक अंशाला ०.०००७ मिळवायचे. ॲसिड ४० अंश तापलेलं असताना १.२३० दिसलं तर खरा आकडा १.२३९ धरायचा, म्हणजे बॅटरी भरलेली आहे. सहांपैकी एकाच सेलची ग्रॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा ०.०५०ने खाली असेल तर तो सेल गेला. मग कितीही चार्जिंगला लावा, उपयोग नाही.

मेंटेनन्स-फ्री बॅटऱ्या आल्यावर हायड्रोमीटर कमी झाला आणि व्होल्टमीटर हातात आला. या बॅटऱ्यांच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असतं, त्यामुळे पाणी फार कमी उडतं. बॅटरीकडे लक्षच द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल्फ मारण्याआधी मोजायचं: १२.६ किंवा वर असेल तर भरलेली, १२.४ला पाऊण, १२.२ला निम्मी, १२.० म्हणजे पाव. आदल्या चार्जिंगचा वरवरचा व्होल्टेज फसवतो, म्हणून गाडी नुकती आली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून, बंद करून, थोडं थांबून वाचतो. १२.४च्या खाली बॅटरी आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर तो रवाळ थर घट्ट होऊ लागतो, आणि एकदा घट्ट झालेला थर चार्जरने क्वचितच निघतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. सेल्फ मारण्यात बॅटरी संपते असं सगळ्यांना वाटतं. २०० अँपिअर दोन सेकंद ओढले तर खर्च होतात जेमतेम ०.११ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर ओढला की एक अँपिअर-तास). ते अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग, थोड्याच मिनिटांत भरून काढतो. बॅटरी उपाशी राहते ती गावातल्या गावात फिरण्याने. एसीचा ब्लोअर, हेडलाइट, रेडिएटरचा फॅन सगळं चालू, इंजिन सिग्नलवर मंद, आणि अल्टरनेटर मंद गतीला आपल्या क्षमतेचा एक भागच देतो. गाडी उभी करून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याने म्हणूनच फारसं काही होत नाही. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी निम्मी उतरली असेल तर तिला ३.५ अँपिअरने संथ चार्जिंगच हवं, टेबलावर बहुतेक रात्र जाते. तासाभरात ‘बूस्ट’ करून देणं आम्ही बंद केलं आहे. प्लेटा तापून वाकतात, आणि ग्राहक दोन महिन्यांत परत येतो.

त्यानंतर गाडीची बाजू. इंजिन चालू, एसी आणि हेडलाइट चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. १३.५ला अडकलं तर बॅटरी कधीच भरत नाही, १४.८च्या वर सतत राहिलं तर ती उकळते. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६च्या खाली पडला की आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा बघतो. तरीही पडला तर बॅटरी बदलायची वेळ आली. पण सेल्फ जड फिरतो आणि बॅटरीचा व्होल्टेज मात्र टिकून आहे, असं दिसलं तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारतो. पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) गंजली आहे. अशा वेळी नवी बॅटरी विकणं म्हणजे ग्राहकाचे पैसे वाया घालवणं, आणि ते आम्हाला मान्य नाही.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबल काढून मध्ये अँमीटर लावतो. दारं बंद, चावी गाडीपासून लांब, आणि अर्धा तास थांबायचं, कारण गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात. त्यानंतर ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. तेवढ्यानेही दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे ३५ची बॅटरी साधारण पंधरा दिवसांत निम्म्यावर. जास्त दिसलं तर एकेक फ्यूज काढत जायचं. बहुतेकदा दोषी असतो बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम किंवा जीपीएस, ज्याची वायर थेट बॅटरीवरून घेतलेली असते. फ्यूज काढून काही फरक पडला नाही तर अल्टरनेटरवर हात ठेवून बघतो. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर कोमट लागला तर आतला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेला आहे.

मार्च २०२०च्या लॉकडाउनमध्ये हे सगळं एकदमच समोर आलं. दोन-दोन महिने उभ्या गाड्या, शून्यावर गेलेल्या बॅटऱ्या. तेव्हापासून लांब जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला सांगतो: पंधरा दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी भरून घ्या आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना शेवटी निगेटिव्ह, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, सोडा झाकणांतून आत जाऊ द्यायचा नाही, कोरडं करून क्लॅम्प घट्ट करायचा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून क्लॅम्प बसवू नये. बॅटरी ट्रेमध्ये हाताने हलली नाही पाहिजे.

नव्या गाड्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार उतरणं-चढणं सोसणारी बॅटरी लागते. तिथे साधी बसवली तर वारंवार उतरण्या-चढण्याने ती लवकर संपते. स्वस्त मिळते म्हणून मागणाऱ्यांना आम्ही साधी देत नाही. अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, म्हणून चार्जर किंवा जंपरचं काळं टोक खांबावर नाही, बॉडीच्या अर्थवर लावायचं, नाहीतर आत गेलेला करंट गाडीला कळतच नाही. या गाड्यांचा चार्जिंग व्होल्टेज मुद्दाम वरखाली होतो; १२.८ दिसलं म्हणून अल्टरनेटर बदलायला निघू नये.

नवी बॅटरी घेताना वॉरंटीच्या महिन्यांआधी उत्पादनाची तारीख बघा. फळीवर पडलेली बॅटरीही उतरते, उन्हाळ्यात जास्त वेगाने. आमच्याकडचा जुना माल आधी निघतो आणि १२.४च्या खाली गेलेली बॅटरी चार्ज केल्याशिवाय गाडीत बसत नाही. जुनी बॅटरी ॲसिडसकट परत घेतो. २००१पासून विक्रेत्याने जुनी बॅटरी गोळा करायची असा नियम होता, २०२२च्या नव्या नियमांनी मुख्य जबाबदारी उत्पादकावर टाकली. ॲसिड गटारात ओतून कोरडी बॅटरी भंगारात देणाऱ्याकडून मात्र आम्ही कधीच माल घेतला नाही. त्या ॲसिडबरोबर शिसंही पाण्यात जातं.

आता इलेक्ट्रिक गाड्याही येऊ लागल्या आहेत. अनेकांना ठाऊक नसतं, पण मोठ्या बॅटरीबरोबर त्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते आणि अनेक मॉडेलांत ती शिसं-ॲसिडचीच आहे. कुलपं, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीचा कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारा स्विच) तिच्यावर चालतात. ती बसली की मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी हलत नाही. सेल्फच नसल्याने, सेल्फ जड फिरण्याची जी सूचना पेट्रोल गाडीत आधी मिळते ती इथे मिळत नाही. म्हणून या गाड्यांची छोटी बॅटरी दुसऱ्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी आम्ही मोजून देतो, आणि मोजणीचे पैसे घेत नाही.