तिने लुटलं म्हणे

चौफुल्याला किंवा मोडनिंबला लावणीच्या कलाकेंद्रात जाऊन पैसा उडवणाऱ्या माणसांच्या गोष्टी आमच्याकडे सगळ्यांनी ऐकल्यात आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एकच वाक्य असतं, "बाईने लुटलं त्याला". मला हे ऐकलं की खरंच राग येतो.

नात्यातले एक आप्पा होते. उसाचं बिल आलं की हे निघाले, तीच नाचगाण्याची पार्टी, तीच बाई, खासगी बैठक लावायची, फर्माईशीवर फर्माईश आणि नोटा. ती त्यांना कधीच गोड बोलली नाही, उलट चारचौघात तोंडावर सांगायची की आप्पा घरी जावा, पोरांच्या फिया भरा. आप्पांना वाटायचं अजून थोडे लावले की ही ऐकेल, आणि असं करत करत वर्षं गेली आणि रानही गेलं.

आता ती दौलतजादा, म्हणजे उधळलेला पैसा, काय एकटीच्या हातात पडते का? त्यात ढोलकीवाला, पेटीवाला, सोबतच्या मुली, थिएटर मालक सगळ्यांचे वाटे असतात. ती तिथं कामाला उभी असते, गाणं आणि नाच याचे पैसे घेते, मनाचे नाही. शिवाय संगीतबारीतल्या, म्हणजे अशा लावणी पार्ट्यांमधल्या, घरांमध्ये एकदा पायात चाळ बांधले की लग्न नाही, ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आली, एखादा पैसेवाला "मालक" म्हणून तिला ठेवायचा पण बायकोचा हक्क काही द्यायचा नाही, पोरांनी नाव लावायचं ते आईचं. हे सगळं आपल्या आई-मावशीच्या बाबतीत बघितलेली बाई नोटांचं बंडल बघून प्रेमावर विश्वास ठेवेल कशाला, ती झिडकारणारच, आणि बरोबरच करते.

डान्सबारच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये टिप द्यायला परवानगी दिली पण अंगावर नोटा उधळायची बंदी कायम ठेवली. मला हा फरक फार पटतो. टिप ही कामाची असते, उधळणारा मात्र सगळ्यांसमोर मालकी दाखवत असतो.

आणि लुटलंच म्हणायचं तर काकूंना लुटलं, आप्पांनीच. त्या रानात काकूंनी जन्म काढला, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नव्हतं म्हणून विकताना कुणी त्यांना विचारलं सुद्धा नाही.