गच्चीवरचे हेअरलूम टोमॅटो: तिसरा हंगाम, फेब्रुवारीची नोंद

काल शेवटचं मोठं फळ उतरवलं. चेरोकी पर्पल, ४१० ग्रॅम. आता झाडांवर लहान दहा-बारा उरलीत, ऊन तापायच्या आत रंगतील तेवढी आपली.

यंदा हेअरलूम, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बी धरून जपलेले, वाण तीनच: चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम, ब्रँडीवाइन. बी ऑगस्टच्या शेवटी टाकलं, रोपं सप्टेंबरअखेर पिशव्यांत लावली. सोलापुरात या वाणांची वेळ हीच, असं आता मी ठामपणे सांगते. पहिल्या वर्षी डिसेंबरात बी टाकलं होतं. झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली, मार्चमध्ये फुलांनी लगडली आणि एकही फळ धरलं नाही. दिवसाचं ऊन ३५ च्या पुढे गेलं आणि रात्रीही गारवा येईना झाला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात, फूल देठाच्या गाठीपासून गळतं. खत कितीही घाला.

यंदाही ऑक्टोबर हीटमध्ये पहिले दोन घोस गळाले. रात्री गार झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून फळ धरायला लागलं. रोज सकाळी नऊच्या सुमारास, दव सुकलं की, बॅटरीवरचा टूथब्रश घोसाच्या देठाला मागून दोन सेकंद टेकवायचा. खाली तळहात धरला तर परागकणांची पिवळी भुकटी पडलेली दिसते. ती दिसली की समजायचं, काम झालं.

यंदा खरी झुंज बूड काळं पडण्याशी झाली. ब्लॅक क्रिमची पहिली सात फळं खालून काळी, चामड्यासारखी चपटी. ज्याला विचारावं तो म्हणे कॅल्शियम द्या, अंड्याची टरफलं घाला, चुना घाला. पण माझ्या पिशव्यांत एक तृतीयांश आपली काळी माती आहे, आणि आमच्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे हाताला लागतात! कमी पडत होतं ते पाणी. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच चढतं. आमच्याकडे नळ चार दिवसांआड, त्यामुळे मी त्या दिवशी भरपूर ओतायची आणि मग माती भेगाळेपर्यंत काही नाही. डिसेंबरात प्रत्येक पिशवीत एक लहान कोरं मडकं गळ्यापर्यंत पुरलं, वर उसाचं पाचट पसरलं. मडकं रोज ड्रममधल्या पाण्याने भरायचं, तोंडावर झाकणी, पाणी मातीत हळूहळू झिरपत राहतं. त्यानंतर धरलेल्या फळांत एकही बूड काळं नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात पहिलं ब्लॅक क्रिम कापलं: खांदे हिरवट, आत गडद लाल, मिठाशिवायच खारट-गोड. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ते. आईंनी दुसरी फोड मागून घेतली.

पांढऱ्या माशीने ब्रँडीवाइनची दोन झाडं घेतली. पानं आकसून वळली त्याच दिवशी उपटली. पिवळे चिकट सापळे लावायला उशीर झाला, पुढच्या खेपेला रोपं लावतानाच लावणार.

बी धरलंय. गर बरणीत तीन दिवस आंबवला, वर पांढुरकी साय आली की धुऊन चिनी मातीच्या बशीत वाळवलं, कागदावर चिकटतं. चेरोकी आणि क्रिमच्या घोसांना फुलायच्या आधी जाळीच्या पिशव्या बांधल्या होत्या, म्हणजे दुसऱ्या वाणाचे परागकण त्यांत मिसळले नाहीत; ते बी मागेल त्याला देईन. ब्रँडीवाइनची कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारं टोक, फुलाबाहेर डोकावते आणि तिला पिशवी बांधायची राहिली, गच्चीवर मधमाश्याही होत्या. ते बी घरीच लावून पाहणार, आधी कुणाला देणार नाही.