राउटर आमचा, पासवर्ड केबलवाल्याचा

राउटर आपल्या घरात, वीज आपली, महिन्याचे पैसे आपले. आणि त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं म्हटलं तर पासवर्ड केबलवाल्याकडे. अमळनेरला आमच्या गल्लीत फायबर आलं तेव्हापासून हे असंच चाललंय. चोपडा-पारोळ्याचे पाहुणेही हेच रडगाणं गातात. वाय-फाय सुरक्षित करणं हे खरं तर चहा उकळेपर्यंत उरकणारं काम. माझा अख्खा उन्हाळा त्यात गेला, तो या एका पासवर्डपायी.

लाइन टाकायला आलेला मुलगा घाईत होता. वाय-फायला त्याने आमचं आडनाव दिलं आणि पासवर्ड म्हणून माझा मोबाइल नंबर टाकला. ‘लक्षात राहतो ना, आप्पा.’ राहतो की! मला राहतो, किराणावाल्याला राहतो, दूधवाल्याला राहतो. संध्याकाळी मॅच सुरू झाली की आमच्या ओट्यावर गल्लीतली पोरं मांडी घालून बसायला लागली. मोबाइलवरून मान वर न करता ‘काय आप्पा, जेवण झालं का’ म्हणायची. आणि आत आमच्या टीव्हीवर ते गोल गोल फिरत राहायचं.

पोरांचं सोडा. मोबाइल नंबर ज्याला माहीत नाही त्यालाही तो शोधून काढता येतो. फोन वाय-फायला जोडला जाताना राउटर आणि फोन यांच्यात जी देवाणघेवाण होते, ती डब्ल्यूपीए-२ मध्ये, म्हणजे वाय-फायला कुलूप लावायच्या नेहमीच्या पद्धतीत, रस्त्यावर उभ्या असलेल्या कुणालाही पकडता येते. मग घरी नेऊन संगणकावर निवांत एकेक पासवर्ड लावून बघायचा. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, पहिला आकडा ६ ते ९. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखांनी अंदाज तपासतं. हिशेब तुम्हीच करा.

‘वापरलं कुणी थोडं नेट तर काय बिघडलं’ असं आमच्या घरातही म्हणून झालं. त्यावर मी २००८ ची आठवण दिली. अहमदाबादचे बॉम्बस्फोट व्हायच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या वाय-फायवरून गेला होता. वापरणारे दुसरेच, पण पोलीस आधी त्याच्या दारात गेले. त्यानंतर घरात वाद झाला नाही.

तर मी ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरच्या सेटिंगचा पत्ता टाकला. लॉगिनचं पान आलं. राउटर उलटा केला. खाली स्टिकरवर युजरनेम-पासवर्ड बारीक अक्षरात छापलेला. तो टाकला, चुकीचा. चष्मा लावून, शून्य आहे की ओ आहे हे बघून टाकला, चुकीचा. मग पानच म्हणायला लागलं, आता थोडा वेळ थांबा.

ऑफिसला फोन लावला. पलीकडून शुद्ध अहिराणीत उत्तर: ‘नेट चाली राह्यनं ना? मंग पासवर्ड कसाले पाहिजे?’ म्हटलं, घर माझं आहे, म्हणून पाहिजे. ‘साहेबले विचारीसन सांगतो.’ साहेब धुळ्याला. साहेब परत आले तेव्हा जेवायला. जेवून आले तेव्हा कुठेतरी केबल तुटलेली. व्हॉट्सॲपवर मेसेज केला तर निळ्या टिकल्या येतात, उत्तर येत नाही. मे महिन्याच्या उन्हात बाजारपेठेतल्या त्यांच्या माडीवर चढलो, तर काउंटरवरच्या पोराने पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं आणि म्हणाला, ‘मन्हाजोडे नही शे.’ पोरगं गुणी, पण पासवर्ड काही मिळाला नाही. दुसऱ्या खेपेला कळलं की ग्राहकाला पासवर्ड न देणं हे त्यांचं धोरण आहे. कुठे लिहिलंय? लिहिलेलं नाही, पण आहे. का, तर लोक सेटिंग बिघडवतात आणि मग आम्हाला पळावं लागतं. पळताना मला तरी कुणी दिसलं नव्हतं!

या काळात सल्ले भरपूर मिळाले, आणि सगळ्यात जास्त मिळाला तो रिसेटचा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दाबून धर, सगळं कोरं होतं, स्टिकरवरचा पासवर्ड चालतो. चालतो, खरं आहे. पण सोबत पीपीपीओईचं, म्हणजे कंपनीच्या नेटला जोडून घ्यायचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (त्यांच्या लाइनवरच्या वाटेचा) आकडाही पुसला जातो, म्हणजे नेटच बंद. तो तपशील पुन्हा त्याच माडीवर. म्हणून ही तीन गोष्टींची चिठ्ठी हातात असल्याशिवाय टाचणीला हात लावू नका. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचा राउटर घेऊन त्यांच्या डब्याला केबलने जोडायचा आणि त्यांच्या डब्याचं वाय-फाय बंद करायचं. पण ते बंद करायलाही लॉगिन लागतंच. मी त्या विचाराने आणखी चिडलो.

अखेर कामाला आली ती रिचार्जची तारीख. आपण वर्षभर फोन करा, कोणी उचलत नाही; पण प्लॅन संपायच्या दिवशी त्यांचाच फोन येतो, आणि तोही ‘आप्पा’ म्हणत. मी म्हटलं, पैसे तयार आहेत, मुलाला पाठवा, माझ्यासमोर पासवर्ड बदलू दे, मग लगेच स्कॅन करतो. संध्याकाळच्या आत मुलगा हजर. ताक पिऊन झाल्यावर त्याने मोबाइलवर लॉगिनचं पान उघडलं आणि माझ्यादेखत पासवर्ड टाकला: ऑफिसचं नाव आणि पुढे १२३. लपवलाही नाही. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाला, ‘सगळास्ना हाऊच शे, आप्पा.’ म्हणजे ज्याच्यासाठी मी उन्हात जिने चढलो, तो अख्ख्या गावाच्या राउटरला लावलेला होता.

पुढचं काम भराभर झालं. आधी ॲडमिनचा, म्हणजे सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड बदलला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. सिक्युरिटीच्या खान्यात ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए-२ मिक्स्ड’ आणि ‘टीकेआयपी+एईएस’ असं निवडलेलं होतं. पहिली सुरक्षेची पद्धत, दुसरी डेटा कुलूपबंद करायची रीत. ते फक्त डब्ल्यूपीए-२ आणि फक्त एईएस केलं. टीकेआयपी जुनं झालंय, आणि नुसतं तेच असेल तर वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो. तुमच्या डब्यात डब्ल्यूपीए-३ ही नवी पद्धत दिसत असेल तर ‘डब्ल्यूपीए-२/डब्ल्यूपीए-३’ हा एकत्र पर्याय घ्या. नुसतं ३ ठेवलं तर जुना टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा रुसून बसतात. डब्ल्यूईपी ही सगळ्यात जुनी पद्धत दिसली तर तिच्याकडे बघूही नका, ती २००१ मध्येच फुटलीय. पासवर्ड ८ पासून ६३ अक्षरांपर्यंत चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत जोडून टाका, मधे अहिराणीचा एखादा असू द्या. आडनाव, गाव, जन्मसाल नको.

मुलाने सगळं करून बॅग उचलली, तेवढ्यात माझं लक्ष गेलं की राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर वाय-फाय देतो, आणि बदल फक्त २.४ च्या पानावर झालाय. ५ गिगाहर्ट्झवर माझा मोबाइल नंबर जसाच्या तसा. त्याला परत बसवलं. बऱ्याच डब्यांत ही दोन पानं वेगवेगळी असतात, दोन्हीकडे बदल करावा लागतो.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने फोन जोडायची सोय, बंद करायची राहत होती. त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरलेला असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० अंदाजांत काम होतं. हे २०११ मध्येच उघड झालं. हे चालू राहिलं तर लांबलचक पासवर्डाचा काही उपयोग नाही. बाहेरून लॉगिन करू देणारं रिमोट मॅनेजमेंटही बंद केलं. त्यावरून ऑफिसचा फोन आला, की आता आम्हाला इथून तुमचा राउटर उघडता येत नाही. मला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

वाय-फायचं नाव लपवायच्या भानगडीत पडू नका. शोधणाऱ्याला ते सापडतंच. मॅक फिल्टरचंही, म्हणजे ठरावीक उपकरणांच्या पत्त्यांनाच आत घेण्याचंही, तेच. शिवाय नवे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा मॅक पत्ता दाखवतात, तेव्हा अडकतात ते घरचेच. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, म्हणजे सुट्टीत आलेल्या भाचरांना मुख्य पासवर्ड द्यावा लागत नाही. ओट्यावरची पोरं दोन-तीन दिवस आशेने बसली, मग समोरच्या ओट्यावर गेली.

नवीन कनेक्शन घेणार असाल तर हे सगळं लाइन टाकतानाच करून घ्या, पैसे देण्याआधी. आणि फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट दिसलं तर जरूर करा, पण राउटर इन्व्हर्टरवर असतानाच. मधेच लाइट गेली तर डबा कायमचा बसू शकतो, आणि नवा डबा आणायला पुन्हा तीच माडी.