पोचा काढायचा, रंग राखायचा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारची स्कूटर कलली आणि तिचं हँडल दरवाज्यावर आपटलं, की पत्र्यात चार-पाच सेंटीमीटरचा गोल पोचा पडतो. रंग शाबूत असतो, फक्त पत्रा आत गेलेला असतो. तरी बहुतेक गॅरेजांत उत्तर ठरलेलं: घासू, पुट्टी भरू, प्रायमर मारू, रंग आणि लॅकर देऊ. एवढ्याशा पोच्यापायी अख्ख्या दरवाज्याचा कंपनीचा रंग जातो आणि तो परत मिळत नाही. कारखान्यात नुसती उघडी बॉडी भट्टीत जाते आणि वरचे थर साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजले जातात. गंज रोखणारा पहिला थर त्याहूनही जास्त तापमानाला. तयार गाडीत वायरिंग, रबर, प्लॅस्टिक असतं, म्हणून गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं. रंगाचा नंबर तोच असला तरी थर तसाच उतरत नाही. त्यामुळे मूळ रंग फुटलेला नसेल तर आधी पेंटलेस डेंट रिपेअर, म्हणजे पीडीआर, याचाच विचार करावा: रंगाला हात न लावता पत्रा मागून सळईने दाबून किंवा पुढून गोंदाने ओढून सरळ करायचा.

पोचा म्हणजे नुसता खड्डा नव्हे, हे आधी डोक्यात बसायला हवं. गाडीचा बाहेरचा पत्रा सुमारे पाऊण मिलिमीटरचा. त्याला मार बसतो तेव्हा मधला थोडा भाग कायमचा ताणला जातो, आणि भोवती पत्र्याचं एक उंच कडं उठतं. या दोहोंमधला पत्रा खरं तर परत जागेवर यायला तयार असतो, पण कडं त्याला अडवून धरतं. दरवाजावरून बोट फिरवलं तर हे कडं सहसा लागत नाही. प्रकाशात मात्र दिसतं. नवशिके त्या कड्याला हात न लावता मागून थेट मधोमध जोर लावतात. मधला पत्रा आणखी ताणतो, तिथे पुटकुळीसारखं टोक येतं आणि भोवतीचा खड्डा तसाच राहतो. हे काम बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

कुठला पोचा निघेल, हे खोलीपेक्षा धारेवर ठरतं. हाताच्या पंजाएवढा पण उथळ पोचा अर्ध्या तासात निघू शकतो. नखाएवढा, टोकदार, तळाशी पत्रा मुडपलेला पोचा दिवसभर छळतो. दरवाज्याच्या दुमडलेल्या कडेवर किंवा बॉडीच्या लाइनवर, म्हणजे पत्र्यात मुद्दाम उठवलेल्या घडीवर, पडला असेल तर पत्रा दुप्पट किंवा ताठ असतो, तिथे शंभर टक्के निकालाचं वचन कुणी देऊ नये. रंगावर नख फिरवा. नख अडकलं किंवा बारीक भेग दिसली तर रंग तुटलाय, आणि पत्रा उचलताना तो पापुद्र्यासारखा सुटेल. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते असलं तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २५०–३०० च्या वर आकडा गेला की तो भाग पुन्हा रंगवलेला धरावा, आणि हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे. अशा जागी गोंदाने ओढलं तर पोच्याऐवजी पुट्टीची ढपली हातात येते. जुनी गाडी घेतली असेल तर ही तपासणी चुकवूच नये.

आता दिव्याबद्दल. या कामातलं निम्मं कसब हातात नसून डोळ्यांत आहे. कारागीर पत्र्याकडे बघत नाही, पत्र्यात पडलेल्या प्रतिबिंबाकडे बघतो. त्यासाठी रेघांचा एलईडी दिवा किंवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फलक वापरतात. घरी करायचं तर पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या इन्सुलेशन टेपच्या पट्ट्या एक-एक सेंटीमीटर अंतराने चिकटवा आणि त्यावर उजेड पाडा. पोचा मधे, आपण एका बाजूला, फलक पलीकडे अर्ध्या मीटरवर. सपाट पत्र्यात रेघा समांतर दिसतात. उथळ खोलगट भागात त्या एकमेकींपासून फाकतात, उंचवट्यावर दाटीवाटीने जवळ येतात. पोच्याभोवती रेघा जिथे गर्दी करून वळतात तेच ते कडं. काळ्या गाडीवर हे सगळं लख्ख दिसतं, पण चूकही तितकीच लख्ख दिसते. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर रेघा पुसट येतात. तिथे दिवा जवळ घ्यावा आणि आजूबाजूचा उजेड कमी करावा.

पत्र्याच्या मागे पोहोचायचं कसं? काच पूर्ण वर घ्या, म्हणजे दरवाज्याची पोकळी रिकामी होते. काच आणि बाहेरची रबरपट्टी यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पाचर घाला, काचेला संरक्षक पट्टी लावा आणि मगच पत्रा मागून दाबायची लांब सळई आत सोडा. संरक्षक पट्टीशिवाय सळईला टेकू देणं म्हणजे काच फोडून घेणं. पोच्याच्या मागे दरवाज्यातला आडवा लोखंडी बीम आला तर जाड सळई शिरत नाही, चपट्या पात्याची लागते. तेही जमत नसेल तर ट्रिम, म्हणजे दरवाज्याचं आतलं आवरण, काढावी. त्याआधी इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. काही गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दरवाज्याच्या आतच असतो, त्यावर सळई आदळता कामा नये. सळईला वाट करायला दरवाज्याच्या कडेला ड्रिलने भोक पाडून रबरी बूच लावणारे कारागीर आजही भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणा. मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत गंज त्याच भोकापासून सुरू होतो.

सळईच्या टोकाला टेपचे दोन-तीन वेढे द्या किंवा प्लॅस्टिकची टोपी चढवा. आत टोक नेमकं कुठे टेकलंय हे दिसत नाही, म्हणून अगदी हलका दाब देऊन रेघा कुठे हलतात ते बघायचं. हलल्या तिथे टोक आहे. ते पोच्यापासून लांब असेल तर दाब सोडून सरकवायचं, ओढत न्यायचं नाही. पहिलं काम कड्याचं. नायलॉनचा बोथट पंच, ज्याला सगळे टॅप-डाउन म्हणतात, तो कड्यावर धरून छोट्या हातोडीने हलके ठोके देत गोल फिरायचं. कडं सैल झालं की पोचा आपणहून थोडा वर येतो. हे दिव्यात स्पष्ट दिसतं. मग सळईने बाहेरच्या घेरापासून आत गोल गोल येत, एक-दोन मिलिमीटर अंतराने, छोटे छोटे दाब. प्रत्येक फेरीनंतर कडं पुन्हा तपासायचं, उठलं असेल तर बसवायचं. मध्य सगळ्यात शेवटी. मोठ्या दाबाचा मोह आवरायला हवा, कारण वर आलेलं टोक बारीक टॅप-डाउनने बसवता येतं, पण तसं दहा वेळा केलं की पत्रा ताणून सैल होतो. सैल पत्रा बोटाने दाबला की डब्याच्या झाकणासारखा टक-टक आत-बाहेर होतो. तिथवर गेलेलं काम पीडीआरने परत आणणं फार अवघड.

पुण्याच्या तांबट आळीत मठारकामाचा, म्हणजे तांब्याची भांडी हातोडीने ठोकण्याच्या कामाचा, प्रत्येक ठोका भांड्यावर शोभेसारखा मिरवतो. इथे ठोकाठोकी तीच, पण एकही ठोका दिसता कामा नये. म्हणून सराव आपल्या गाडीवर नको. कुर्ल्यात सीएसटी रोडवर किंवा आपल्या गावच्या भंगारवाल्याकडे जुनं बॉनेट मिळतं. त्यावर आधी पोचे काढायचेच नाहीत. मार्करने ठिपका द्यायचा आणि मागून सळईचं टोक बरोबर त्या ठिपक्याखाली आणायचं, असं शेकडो वेळा करायचं. टोक पहिल्या झटक्यात सापडायला लागलं की पुढचा पोचा.

मागून वाटच नसेल, जसं छताच्या कडेला किंवा मागच्या चाकावरच्या पॅनेलवर, तर गोंदाने पुढून ओढायचं. आधी मेण-पॉलिश काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा आणि टॅब, म्हणजे पोच्यावर चिकटवून ओढायचं प्लॅस्टिकचं छोटं बटण, दोन्ही पुसा. टॅब पोच्यापेक्षा थोडा लहान हवा. मोठा टॅब कड्यावर चिकटतो आणि कडंच वर ओढतो. ग्लू गनने टॅबवर दोन-तीन मिलिमीटर जाड गोंद घ्या, मधोमध टेकवा, पण दाबून सगळा गोंद बाहेर काढू नका. दोन-तीन मिनिटांत गोंद थंड झाला की मिनी लिफ्टरने (टॅब पकडून उचलणारं छोटं हत्यार) किंवा स्लाइड हॅमरने (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाने झटका देणारं) ओढा. पत्रा किंचित जास्त वर आला तरी चालतो, तो टॅप-डाउनने खाली बसवता येतो. टॅब हाताने उपटू नका. कडेला अल्कोहोल सोडा, थोडं थांबा, प्लॅस्टिकच्या पातीने सोडवा. एका ओढीत पोचा निघत नाही, दहा-पंधरा ओढी धरून चाला. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर गोंद धरतच नाही, सावली शोधा. उलट नाशिक-नागपूरच्या जानेवारीतल्या सकाळी पत्रा गार आणि रंग ठिसूळ असतो. तेव्हा हीट गन एका जागी न धरता फिरवत पत्रा कोमट करा, हात सहज ठेवता येईल इतपतच.

मराठवाडा-विदर्भात गारपिटीनंतर छतावर आणि बॉनेटवर पन्नास-शंभर पोचे एकदम येतात. प्रत्येक पोचा सोपा असतो, पण छताचं आतलं अस्तर उतरवावं लागतं आणि त्यासोबत कर्टन एअरबॅग येते, म्हणून ते काम सराव असलेल्या माणसाकडेच द्यावं. ॲल्युमिनियमच्या बॉनेटचंही तसंच. तो पत्रा स्टीलसारखा परत यायला बघत नाही, गरम करूनच हलवावा लागतो.

गरम पाणी, हेअर ड्रायर आणि लगेच बर्फ, असे व्हिडिओ सतत फिरतात. स्टीलच्या पत्र्यात पडलेलं कडं त्याने सैल होत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरला मात्र गरम पाणी खरंच लागू पडतं: नरम झाला की मागून हाताने ढकला आणि लगेच गार पाणी ओता.

विम्याचा क्लेम करायच्या आधी नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणाऱ्या सुटीचा, हिशेब मांडा. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांवर जातो, आणि वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर एका क्लेमने शून्यावर येतो. एका पोच्यासाठी ५० टक्के घालवणं मला तरी पटत नाही.

पोचा निघाला असं वाटलं की दिवा हलवून उलट बाजूने बघा, मग उभी रेघ आडवी करून बघा. एका दिशेने सरळ वाटणारा पत्रा दुसऱ्या दिशेने लाटा दाखवतो. रंगावर सळईच्या बारीक खुणा उमटल्या असतील तर ३००० नंबरच्या ओल्या पेपरने अगदी हलका हात मारून पॉलिश करता येतं, पण वरचा पारदर्शक थर जेमतेम ४० मायक्रॉनचा असतो, म्हणून हे एकदाच. आतल्या बाजूला सळईने थर खरवडला जातोच. तिथे गंजरोधक मेणाचा फवारा मारा. ट्रिम काढली असेल तर खालचा प्लॅस्टिकचा कागद फाटला नाही ना ते बघा आणि कडेचा काळा चिकट गोंद सगळीकडून दाबून बसवा. तो एका कोपऱ्यात जरी उघडा राहिला, तरी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पायाखालची मॅट ओली होते.